इथं हसाचं असते

आमचे शेजारी वामनकाका बोलता बोलता इंग्रजी विनोद सांगतात आणि आपण हसेपर्यंत थांबून राहतात. अर्थ आपल्याला कळलेला नसतो आणि त्यांनाही ठाऊक नसतो. मग तेच समजावतात, "इथं हसाचं असते."

काकांचे वडील राजूरच्या खाणीतल्या गोऱ्या साहेबाचे खानसामे. साहेब विलायतेला परतताना त्यांना फोनो आणि एक तबकडी देऊन गेला. तबकडीवर कुणी विलायती नकलाकार लढाईतल्या शिपायांपुढे गाणी म्हणायचा, चुटके सांगायचा, आणि शिपाई खदाखदा हसायचे. काकांनी लहानपणीच ती अख्खी पाठ केली. तिला एका जागी चरा होता, तिथं सुई अडायची. तबकडी केव्हाच फुटली, पण तो अडलेला शब्द काका आजही इमानानं तीनदा म्हणतात.

खाणीत नोकरी केली, पण जीव या नकलेत. हळद असो, गणपती असो, लुंगीवर साहेबी टोपी चढवून काका हजर. एकदा इंग्रजी शाळेच्या मास्तरांनी सांगितलं की यातलं अक्षर समजत नाही. काका म्हणाले, "त्यायचं इंग्रजी कच्चं हाये."

हसायच्या फक्त सुमनकाकू. भाकरी थापत असोत की तूर निवडत, जागा आली की खळखळून हसायच्या, ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. नवरा मांडवात तोंडघशी पडू नये म्हणून ही बाई जन्मभर जिथंतिथं त्याच्यामागून गेली.

मागच्या हिवाळ्यात काकूंना लकवा मारला. वाचा गेली, तोंड वाकडं झालं. डॉक्टरनं हात टेकले. काकांनी मात्र टोपी काढली नाही. रोज संध्याकाळी काकूंना खिचडी भरवून ते खाटेपुढे उभे राहतात, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं करतात. हसायच्या जागी थांबतात. घरात पंख्याचा आवाज. शिपाई जेवढे हसले तेवढा वेळ थांबून पुढचं सुरू.

"काका, आता राहू द्या," मी एकदा म्हणालो.

"त्या सोल्जरायले उद्या मराचं होतं, तरी हसले," ते म्हणाले. "तुयी काकू त घरात हाये. हासंन."

परवा मी वरण द्यायला गेलो तेव्हा नक्कल रंगात आली होती. काका थांबले. आणि काकूंचं वाकडं तोंड थरथरलं, घशातून आवाज निघाला. काकांनी टोपी छातीशी धरली. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

"दिलीप, हसली ना? पाह्यलं तू?"

मी खाटेच्या उशाशी होतो. काकूंच्या डोळ्यांतलं पाणी कानामागून उशीत चाललं होतं. 

"हो काका. हसल्या."

"बराबर जागेवर हसली," काका म्हणाले. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली, घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. काकू माझ्याकडे बघत होत्या.