शंकेची रीतसर नोंदणी

सुसंवाद खात्याला त्या वर्षी श्रद्धावान आणि शंकेखोर यांच्यात बारा सुसंवाद घडवून आणायचे होते. वर्ष संपायला सात आठवडे उरले होते आणि एकही घडला नव्हता. अशा गंभीर परिस्थितीत खात्याचे अधिकारी पँट कमरेत ढिली करून घ्यायला टेलरमास्तरांच्या दुकानात शिरले.

दुकानात वाद चालू होता. तो बावीस वर्षांपासून चालू होता. एका बाजूला मास्तर, पाच वेळच्या नमाजात कधी खंड न पाडलेले. दुसऱ्या बाजूला वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या नुसत्या शब्दावर किलोभर मीठसुद्धा मान्य केलं नव्हतं. दुपारची जेवणं उरकली की निरीक्षक येत, अस्तराच्या गठ्ठ्यावर बैठक मारत आणि कालच्या वाक्यापासून पुढे सुरू करत. विषय एकच होता. इस्लामची सुरुवात कशी झाली, आणि मास्तर जे मानतात ते निरीक्षकांनी का मानावं.

त्या दिवशी निरीक्षकांचं म्हणणं असं होतं की गुहेत एकट्या माणसाला देवाचा संदेश आला, साक्षीदार शून्य. शिवाय पहिलाच हुकूम ‘वाच’, आणि तोही लिहितावाचता न येणाऱ्याला. त्यांच्या खात्यात असा हुकूम चुकीच्या पत्त्यावर गेला असं समजून परत पाठवला असता. मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या आणि म्हणाले की ज्याला येतं त्याला ‘वाच’ सांगण्यात काय मोठेपणा आहे. निरीक्षकांनी तो मुद्दा अर्धा मान्य केला आणि उरलेल्या अर्ध्यावर चहा मागवला.

मग गाडी नेहमीच्या वळणावर आली. पैगंबरांची वचनं याने त्याच्याकडून ऐकली, त्याने आणखी कुणाकडून, अशी साखळी पिढ्यान्‌पिढ्या चालली. “माझ्या बापाने सांगितलं म्हणून हे किलोचं वजन, असं दुकानदार म्हणाला तर मी त्याला सोडायचो का?” असं निरीक्षक दर चार दिवसांनी विचारत. मास्तर दर चार दिवसांनी तीच गोष्ट सांगत. एक विद्वान म्हणे एका वचनासाठी दूरचा प्रवास करून एका माणसाकडे गेला. पाहतो तर तो माणूस अंगरख्याचा घोळ पुढे धरून, त्यात दाणा असल्यासारखं दाखवत, सुटलेल्या घोड्याला जवळ बोलावत होता. घोळ रिकामा होता. जो घोड्याला फसवतो त्याच्याकडून वचन घ्यायचं नाही, असं म्हणून विद्वान आल्या पावली परत गेला. यावर निरीक्षक नेहमीप्रमाणे म्हणाले की हा एक सापडला, बाकीच्यांच्या मागे कोण गेलं होतं.

तेवढ्यात नमाजाची वेळ झाली. मास्तर वाक्य अर्धं टाकून मशिदीत गेले. त्यांच्यामागे दुकान निरीक्षक सांभाळत. मास्तर परतले तेव्हा निरीक्षक म्हणाले, “तुम्ही नव्हतात तेव्हा तुमच्या बाजूचा एक चांगला मुद्दा मला सुचला. सांगून ठेवतो, उद्या वापरा.”

हे सगळं अधिकाऱ्यांनी पडद्याआड, अर्धवट कपड्यांत ऐकलं. ते बाहेर आले ते वही उघडूनच.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर नोटीस लागली. ‘येथील वाद नोंदणीसाठी विचाराधीन आहे. निर्णय होईपर्यंत उभय पक्षांनी सदर वाद इतरत्र वा येथेही घालू नये.’ अधिकाऱ्यांनी दोघांचं मनापासून अभिनंदन केलं. आजवर हा वाद कोणत्याही परवानगीशिवाय, अध्यक्षाशिवाय आणि मुख्य म्हणजे श्रोत्यांशिवाय चालला, ही मोठी चूक खातं पोटात घालायला तयार होतं. पुढच्या महिन्यात नगरसभागृहात, चारशे लोकांसमोर तो रीतसर होणार होता.

निरीक्षक तरीही रोज दुपारी येत राहिले. दोघं नोटिशीखाली बसून हवापाण्यावर बोलत. हवापाण्यावर दोघांचं एकमत असल्यामुळे ते चार मिनिटांत संपे. मग निरीक्षक अस्तर चाचपत आणि मास्तर मशीन चालवत. मास्तरांना फार चुकल्याचुकल्यासारखं होई. मशिदीत त्यांचं म्हणणं सगळ्यांना आधीच मान्य होतं. आपण मानतो ते का मानतो, हे त्यांना जगात एकच माणूस विचारत आला होता आणि त्याच्या तोंडाला आता नोटीस लागली होती. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या.

“त्या भाऊजींशी एकदा काय ते भांडून घ्या,” मास्तरांची बायको त्या दिवशी म्हणाली. “हल्ली तुम्ही माझ्या भाजीवर मुद्दे काढता.”

इकडे कागद पुढे सरकत होते. मास्तरांना श्रद्धा असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि ते परधर्मीय किंवा धर्म न मानणाऱ्या साक्षीदाराकडूनच चालणार होतं, म्हणजे पक्षपात होत नाही. निरीक्षकांना शंका असल्याचं प्रमाणपत्र हवं होतं, ते अर्थातच श्रद्धावानाकडून. दोघांनी एकमेकांना लिहून दिलं. निरीक्षकांनी लिहिलं: ‘यांची श्रद्धा हलवण्याचा मी बावीस वर्षे प्रयत्न केला. तसूभर हलली नाही. मोजमाप मी स्वतः केले आहे.’ मास्तरांनी लिहिलं: ‘यांची शंका शुद्ध आहे. भेसळ आढळली नाही.’ दोन्ही कागदांवर शिक्के बसले. मास्तरांनी आपलं प्रमाणपत्र वाचताना चष्मा दोनदा पुसला.

शेवटी अर्जाचं कलम सतरा आलं. ‘वादी व प्रतिवादी यांचा परस्परांशी कोणताही पूर्वपरिचय नाही, असे आम्ही शपथेवर सांगतो.’

मास्तरांनी अदबीने विचारलं की पूर्वपरिचय नसेल तर बावीस वर्षांची साक्ष आम्ही दिली कशी, आणि खात्याने घेतली कशी.

“तो प्रमाणपत्राच्या टेबलाचा प्रश्न,” अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाले. “हे अर्जाचं टेबल. या दोन टेबलांचा आपसात परिचय नाही.”

ओळख असली की माणूस समोरच्याचं ऐकून घेतो, आणि ऐकून घेतलं की सुसंवादाला रंग चढत नाही, असा खात्याचा अनुभव होता. सही झाली की परवानगी हातात. नोटीस संध्याकाळच्या आत निघेल, सभागृहातला कार्यक्रम झाला की दुकानात हवा तेवढा वाद घाला. सही झाली नाही तर विषय कायमचा बंद करण्याचाही खात्याला अधिकार होता.

निरीक्षकांनी पेन उघडलं. उभ्या आयुष्यात न केलेली गोष्ट, खोट्या कागदावर सही, करायला ते निघाले होते, कारण गेल्या तीन आठवड्यांत त्यांना धड झोप लागली नव्हती.

“करा सही मास्तर,” ते हळूच म्हणाले. “कागदच तो. सगळे करतात.”

मास्तरांनी कलम सतरा पुन्हा एकदा वाचलं. त्यांनाही मित्र हवा होता, हे सांगायची गरज नव्हती. “साहेब, मी सही केली तर तुम्ही पुन्हा येऊन बसाल, मी पुन्हा घोड्याची गोष्ट सांगेन,” ते म्हणाले. “आणि तुम्ही ती माझ्याकडून का ऐकावी?”

निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

“साखळीतल्या बाकीच्या कड्यांचं मला अजून माहीत नाही,” ते म्हणाले. “ही एक मी तपासली. वजन बरोबर आहे.”

दोघंही विषय कायमचा बंद होण्याच्या तयारीने घरी गेले. पण खात्याला बंद करायलासुद्धा आधी नोंदलेला वाद लागतो. नोंद झालीच नव्हती. पाचव्या दिवशी उत्तर आलं: ‘उभयतांत वाद असल्याचे सिद्ध होत नाही. सबब प्रकरण दप्तरी दाखल.’ नोटीस निघाली. जो वादच नाही तो कुठेही घालायला मोकळीक होती. निरीक्षक दुपारी दीड वाजता गठ्ठ्यावर येऊन बसले आणि साडेतीन आठवडे साठवलेल्या शंका त्यांनी एका दमात बाहेर काढल्या. मास्तरांना त्यातल्या दोन शंकांची उत्तरं आली नाहीत. इतका आनंद त्यांना बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

खात्याचंही अडलं नाही. त्यांनी दोन अनुभवी वक्ते मागवले. त्यांचा एकमेकांशी पूर्वपरिचय नव्हता आणि विषयाशीही नव्हता. कार्यक्रमाच्या संध्याकाळी निरीक्षक आणि मास्तर हौसेने सभागृहावर गेले. दारात प्रत्येक श्रोत्याला एक चिठ्ठी सही करून द्यावी लागत होती: ‘मी खुल्या मनाने आलो असून कोणतीही बाजू आधी ठरवलेली नाही.’ लोक भराभर सह्या करत होते आणि पलीकडच्या टेबलावर आपापल्या बाजूची फीत छातीला लावून घेत होते. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. वक्ते अजून यायचे होते.

मास्तरांनी चिठ्ठी वाचली. त्यांच्यामागची रांग कुरकुरू लागली, कारण तोवर चिठ्ठी कुणीच वाचली नव्हती.

“माझं तर ठरलेलं आहे,” मास्तर म्हणाले.

“माझंही,” निरीक्षक म्हणाले.

सही न करणाऱ्यांना प्रवेश नव्हता. तेव्हा ही दोन बंद मनाची माणसं आल्या वाटेने परत निघाली. वाटेत मरणानंतर काय होतं यावर मास्तरांनी एक बाजू मांडली, निरीक्षकांनी ती खोडली, मास्तरांनी ऐकून घेतलं, आणि मग निरीक्षकांनाच त्यावरचं उत्तर सुचलं. आत चारशे खुली मनं बसायला जागा नाही म्हणून एकमेकांच्या अंगावर ओरडत होती. वर्षअखेरीच्या अहवालात हा सुसंवाद ‘अत्यंत यशस्वी’ म्हणून नोंदला गेला आणि पुढच्या वर्षासाठी खात्याला चोवीसचं उद्दिष्ट मिळालं.

चोवीस कार्यक्रमांना श्रोते लागतील, म्हणून खात्याने चिठ्ठ्या भरपूर छापून ठेवल्या आहेत. वाचकहो, तुम्ही अशा चिठ्ठीवर आनंदाने सही कराल याबद्दल खात्याला शंका नाही. फक्त सही करण्याआधी एवढं आठवून बघा. या दोघांपैकी कोण जिंकावं, हे तुम्ही कितव्या ओळीला ठरवलं होतं?