जिराफाच्या पिल्लाचं घर

आर्किटेक्टसाहेबांनी जिराफाच्या पिल्लासाठी घर काढलं ते गार खोलीत बसून, आणि दार ठेवलं चार फुटांचं. वासरांच्या गोठ्याचा जुना नकाशा हाताशी होता; त्याच्याच भिंतींवर ठिपके काढून त्यांनी नवं नाव टाकलं. पिल्लू ते पिल्लू, त्यात बघायला कशाला जायचं, असा हा विद्वान माणूस. हे घर महापौरबाईंना आवडलं की अख्ख्या प्राणिसंग्रहालयाचं काम आपल्याच खिशात, एवढा विचार मात्र त्यांनी नीट केला होता.

घर उभं राहिलं आणि उद्घाटन तोंडावर आलं असताना मादी व्यायली. अधीक्षकांचा फोन आला.

"साहेब, पिल्लू दारातून आत जात नाही."

"आजच जन्मलंय ना?"

"हो. सहा फूट आहे."

"मग त्याला जरा वाकवा की."

"तासाभरात स्वतःच्या पायावर उभं राहिलंय ते. आता कशाला वाकतंय?"

साहेब तणतणत आले. एका दिवसाच्या पोराने आपल्याकडे मान खाली घालून बघावं, हे त्यांना फार झोंबलं. त्यांनी मुकादमाकडून दार फोडून उंच करून घेतलं. पिल्लू तरी जागचं हलेना.

"आई बाहेर आहे त्याची," अधीक्षक म्हणाले.

"मग तिलाही घाला आत."

"ती चौदा फूट आहे. तुमचं छप्पर दहा फुटांवर."

पिल्लाला आई असते, ही गोष्ट साहेबांच्या ध्यानातच आली नव्हती. छप्पर उतरलं, दाराची वरची बाजूही गेली. मादी आत शिरली आणि पाणी प्यायला पुढचे पाय फाकवू लागली, तर दोन्हीकडे भिंती.

"पाय कशाला फाकवते? एवढी मान दिलीय ना देवाने?"

"पाय उंच आहेत, साहेब. मान जमिनीला पोचत नाही."

"काय भिकार जनावर आहे," साहेब म्हणाले. दोष अर्थातच जनावराचा होता. भिंती पाडल्या.

उद्घाटनाच्या सकाळी घर म्हणून उरलं ते इतकंच: दोन खांब आणि मध्ये लाल फीत. महापौरबाईंनी खांबांकडे पाहिलं, मोकळ्यावर पाला ओरबाडणाऱ्या मादीकडे आणि तिला लुचणाऱ्या पिल्लाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"ना भिंत, ना छप्पर. जनावराला कोंडायचंच नाही. कुणाची कल्पना ही?"

"माझीच," साहेब क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "पहिल्यापासून हेच डोक्यात होतं."

"मग पुढची सगळी घरं तुम्हीच बांधायची. आधी सिंहाचं. अगदी अस्संच मोकळं. आणि त्या दिवशी फीत तुमच्याच हातून कापायची."

टाळ्या पडल्या. साहेबांनी हसत हात जोडले आणि तसेच जोडलेल्या हातांनी अधीक्षकांकडे सरकले.

"आपला सिंह म्हातारा आहे ना हो?"

"नाही," अधीक्षक म्हणाले. "ऐन भरात आहे."