पाचशे म्हणजे किती?

ऑफिसात त्याला सगळे 'सर्वज्ञ' म्हणायचे. आणि हा ते कौतुक समजायचा, बोला! जन्मात 'माहीत नाही' हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते. रस्ता विचारा, चुकीचा सांगेल, पण सांगेल!

काम मात्र खरंच मोठं. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड वायू जमिनीखालच्या खडकात मुरवायचा आणि त्याचा दगड करायचा. कुठलं खनिज किती तापमानाला वायूला किती घट्ट धरतं, याचे आकडे एका लांबलचक तक्त्यात. तक्ता संगणकाला खाऊ घातला की भाकीत तयार!

"तक्त्यावरची टीप वाचलीत ना?" प्रयोगशाळेतल्या ताईंनी विचारलं. वीस वर्षांपूर्वी तो तक्ता त्यांनीच टाइप केलेला.

"टिपा नवख्यांसाठी असतात, ताई!"

संगणक म्हणाला, सगळ्या वायूचा दगड होणार, बुडबुडाही उरणार नाही! कारण एका खनिजासमोर चक्क पाचशे! बाकीच्यांचे आकडे पाच-दहा. शेळ्यांच्या कळपात हत्तीच!

संचालक मॅडम हरखल्या. त्यांनी प्रयोग बघायला थेट पाहुणेच बोलावले.

"जमलं तर विभागप्रमुख तुम्ही. फसलं तर..."

"फसेल कसं, मॅडम?"

भांड्यात त्या खनिजाची भुकटी, पाणी, वायू. तोंडाला लाल फुगा. खाली आच. दगडाने वायू गिळला की फुगा मान टाकणार.

फुग्याने मान टाकली नाही. फुगा भोपळ्याएवढा झाला.

"गिळतोय, गिळतोय!" सर्वज्ञ ओरडला.

"गिळतोय की ढेकर देतोय?" एका पाहुण्याने विचारलं.

फाट्! राखाडी चिखल मॅडमच्या चष्म्यावर! चष्मा होता म्हणून डोळे वाचले, याची नोकरी काही वाचेलसं दिसेना.

"हे पाचशे आलं कुठून?" मॅडमनी चष्मा पुसत विचारलं.

"अहो, मीच लिहिलंय," ताई म्हणाल्या. "आकडा कुणी मोजलेलाच नसला आणि रकाना रिकामा सोडला, तर संगणक अडून बसतो. म्हणून तिथे पाचशे टाकायचं. पाचशे म्हणजे 'माहीत नाही'! टिपेत पहिलीच ओळ आहे."

पाहुणे पोट धरधरून हसले. शेवटी मॅडमनाही हसू फुटलं, म्हणून नोकरी वाचली. विभागप्रमुख मात्र ताई झाल्या. आणि तो आकडा मोजायचं काम सर्वज्ञाकडे, ताईंच्या हाताखाली!

घरी बायकोने शर्टावरचा चिखल पाहिला, सगळी हकीकत ऐकली आणि कमरेवर हात ठेवले.

"एवढंच सांगा, चूक कुणाची?"

सर्वज्ञाने खूप जोर लावला. पण ते दोन शब्द काही केल्या जिभेवर येईनात!

"पाचशे," तो म्हणाला.