पूर्णेच्या काठचं सुस्वागतम

मुकुंद सरांनी सगळ्या जन्मात एकच गुपित नीट पाळलं, आणि ते फोडायला नेमका चुकीचा माणूस निवडला.

टेंभुर्णीच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या या माणसाला दोन वर्षांपूर्वी पूर्णेच्या काठी, एका उंचवट्यावर, गारगोटीची नखाएवढी धारदार पाती सापडली होती. शेती आणि गाडगी-मडकी यायच्याही आधी, शिकार करून नि कंदमुळं खणून जगणारी माणसं तिथं मुक्कामाला असली पाहिजेत, हे सरांनी ओळखलं. एका ठिकाणी तर राखेचा काळसर गोल होता आणि त्याच्या एकाच अंगाला दगडाच्या कपच्या. कुणीतरी वाऱ्याकडे पाठ करून शेकत, हत्यारं घडवत बसलं असावं आणि आत्ताच उठून गेलं असावं, इतकं ते ताजं दिसायचं. सरांनी एक कपची हलवली नाही. नकाशासुद्धा काढला नाही, कारण ते काम जाणत्याचं. दर रविवारी जायचे आणि नुसते बघत बसायचे. काय बघतात ते कुणाला सांगायचे नाहीत, म्हणून काठावरच्या गावानं त्यांचं नाव 'गोटे सर' पाडलं होतं.

अखेर पुण्याच्या शरयू मॅडम, अश्मयुगाच्या अभ्यासात हयात घालवलेल्या, सोमवारी पाहणीला येते म्हणाल्या. सरांना राहवलं नाही. शनिवारी ते काठावरच्या गावच्या सरपंचाकडे, सर्जेरावांकडे गेले. 'गोटे सर' हे बारसं त्यांनीच केलेलं.

"सर्जेराव, पुण्याच्या मॅडम येऊन राह्यल्या. माझे गोटे बघायला."

सर्जेरावांचा चेहरा उतरला. "सर, आम्ही उगंच हसलो तुम्हाला. आता बिलकुल फिकीर करू नका. सगळं गाव हाय तुमच्या मागं."

सरांचा ऊर भरून आला. त्या भरात 'तिथं हात लावू नका' हे चार शब्द सांगायचे राहून गेले. वर रविवारी ते नवा शर्ट घ्यायला जालन्याला गेले. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा रविवार चुकला.

सोमवारी मॅडमची गाडी यायला अर्धा तास असताना सर काठावर पोचले. मॅडमला काटे टोचू नयेत म्हणून बाभळी तोडल्या होत्या. बाभळी गेल्यावर चढ उघडा पडला, म्हणून जेसीबी आला. जेसीबीनं केलेल्या वाटेवर फुफाटा झाला, म्हणून मुरूम पडला. नुसत्या मुरमाला शोभा नाही, म्हणून दोन्ही कडांना दगड लावून चुना फासला. आणि वाटेच्या तोंडाशी सुरेखाताईंच्या बचत गटानं, धुऊन-निवडून घेतलेल्या पात्यांनी, ठळक अक्षरांत 'सुस्वागतम' लिहिलं होतं.

"इथं राखेचा गोल होता," सर कसेबसे म्हणाले.

"हौ, होता ना," भिवा अभिमानानं म्हणाला. हा गावातला सगळ्यात कामसू माणूस. "कुणी पेटवून गेल्तं काय की. लई घाण. पहिलं तेच काढलं म्या."

"भिवा, ते हजारो वर्षांपूर्वी पेटवलं होतं रे."

"मंग इतक्या दिवसात कुणीच झाडलं न्हाई?"

एरवी सर हसले असते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून सर्जेराव घाबरले.

"चुकलं, सर. पण तुम्हाला तर जागा पाठ असतील! बोट दाखवा, जल्दी मांडून देतो."

शहाणा माणूस नको म्हणाला असता. पण जागा खरोखरच पाठ होत्या. दोन वर्षं सरांनी दुसरं केलं काय होतं? त्यांनी बोट उचललं.

"ती तांबडी डावीकडं. अजून थोडी. बास. चुन्याची पुसून घ्या आधी."

सगळं गाव वाकून कामाला लागलं. सुस्वागतम मोडलं. सुरेखाताईंनी घरच्या चुलीतली घमेलंभर राख आणून गोल केला आणि सरांनी तो हातानं सारखा केला.

शरयू मॅडम आल्या. हळूहळू चालल्या, उकिडव्या बसल्या, एक पातं उचललं. बोटाला चुना लागला.

"सर, हे जागच्या जागी आहे?"

"हो," सर म्हणाले.

सरांचं श्रेय एका 'हो'वर आटोपतंय हे सर्जेरावांना सहन झालं नाही. "एकदम बराबर, मॅडम! आत्ता अर्ध्या घंट्यात मांडले आम्ही. पण एकेकाची जागा सरांनी दाखवली. राख सुरेखाताईच्या चुलीची हाय, पर जागा सरांचीच!"

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रुमालानं बोट पुसलं.

"विस्कटलेल्या जागेचीही नोंद करता येते, सर. त्यातूनही पुष्कळ कळतं. तुम्ही आठवून सांगितलं असतं, तर मी तेही लिहून घेतलं असतं. आता कसं लिहू?"

सरांना ते सगळं आठवत होतं. कपची न् कपची. आठवत होतं ते खरं होतं, आणि ते आता कुणालाही सांगून उपयोग नव्हता. मॅडम पाणी प्यायल्या, सुरेखाताईंना नमस्कार केला आणि वही न उघडता गाडीत बसल्या.

"खूश झाल्या ना, सर?" सर्जेरावांनी काळजीनं विचारलं. दोन दिवस राबलेलं गाव उत्तरासाठी थांबलं होतं.

"लई," सर म्हणाले.

मागून भिवानं टाळ्या सुरू केल्या, आणि मग सगळ्यांनीच त्या अगदी मनापासून वाजवल्या.