नावेसाठी नावे पाहिजेत

नागपूरला समुद्र नाही. ठीक आहे, नाही! पण समुद्राकडे जायला वाट तर आहे? कन्हान वैनगंगेला मिळते, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्रात. म्हणजे कन्हानच्या घाटावर शीड उभारून बसलं की माणूस थेट समुद्रात! छप्पन सालच्या श्रावणात मी हे आमच्या सरकारी कचेरीत भर दुपारी नकाशावर सिद्ध केलं, तेव्हा हेडक्लार्क वामनराव पानाचा तोबरा सावरत हसले.

वामनराव रत्नागिरीचे. समुद्र जणू त्यांच्याच परसात बांधलेला!

"मनोहरराव, नागपूरकरानं बादलीत तांब्या तरंगवावा. शीड हे आमचं काम."

झालं! माझं डोकं सटकलं. सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पोळ्यानंतरच्या रविवारी निघतो, आणि समुद्राचं पाणी बाटलीत भरून तुमच्या टेबलावर आणून ठेवतो. नाही आणलं तर बापाचं नाव लावणार नाही!"

कन्हानच्या गणपतराव नावाड्याचा जुना डोंगा ठरवला. शीड माझ्या सासऱ्यांनी, रुपरावांनी, आपल्या हातमागावर विणून दिलं. वीस दिवस खपले बिचारे. उलगडून पाहतो तर दोन्ही बाजूंना हिरवे काठ आणि खाली भरगच्च पदर!

"मामाजी, शिडाले पदर काहून?"

"बिनकाठाचा कपडा माह्या मागावरून निघत नाही, जवाईबुवा. पाण्यावर जाय का आभाळात, उघडंबोडकं कसं धाडू?"

गणपतरावानेही ते निरखून पाहिलं. "लुगडं झकास हाय भाऊसाहेब. पण संगं चार माणसं लागतीन. दोन वल्ह्याले, एक शिडाले, एक आतलं पाणी उपसाले."

"मंग तू चल ना गा!"

"मी नाही येत. माह्या डोंग्याले मी वळखतो!"

म्हणजे अडलं ते माणसांवर. चार माणसं नाहीत तर समुद्र नाही, आणि समुद्र नाही तर जन्मभर वामनरावांचं हसणं! मी कचेरीच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात नोटीस लावली: 'दूरच्या प्रवासासाठी नाव सज्ज आहे. चार धाडसी गृहस्थ पाहिजेत. प्रवासखर्च मिळणार नाही. इच्छुकांनी आपापली नावे द्यावीत. – मनोहर पराते.'

आता यात न समजण्यासारखं काय आहे? पण दिवस कोणते होते! राज्याची वाटणी व्हायची होती. अर्धी कचेरी भोपाळला जाणार, अर्धी मुंबईला, आणि कोण कुठे ते देवालाही ठाऊक नव्हतं. 'दूरचा प्रवास' एवढं वाचून सगळ्यांनी छातीवर हात ठेवला. नाव सज्ज आहे म्हणजे बदलीसाठी कुणाचं तरी नाव तयार आहे, असं त्यांनी धरलं. हे मला मागाहून कळलं.

तीन दिवस एक नाव नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी पुडी सोडली, की आपण होऊन नाव देईल त्याला मागेल ते गाव! संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस नावं! एका डोंग्याला त्रेचाळीस! नागपूरचं रक्त अजून गरम आहे म्हणून माझे डोळे भरून आले.

मी एकेकाला पारखायला बसलो. पहिले आले टपाल टेबलाचे बाबनराव.

"पोहता येते?"

"तिकडं पोहणं लागते काय गा?"

"वेळ आली तर."

"बरं. क्वार्टर केवढं हाय?"

"क्वार्टर? दहा हात लांब, दोन हात रुंद. त्यातच पाच जणं."

बाबनराव पांढरे पडले. "पाच? अन् बायको?"

"बायको नाही न्यायची. मी पण नाही नेऊन राहिलो."

यावर मात्र त्यांचा चेहरा खुलला. "लिवा माह्यं नाव! वापस कधी?"

"वारा फिरला की."

"बराबर बोलले. सरकारचा वारा कोणाले समजला!"

अशी चार रत्नं निवडली. 'स्वखुशीने जाणाऱ्यांची यादी' असा मथळा घातला, सर्वांत वर माझं नाव लिहिलं, कागद टेबलावर ठेवला आणि घरी धावलो.

"चार माणसं मिळाली वं! निघालोच समज!"

बायको, मनकर्णा, भाकरी थापत म्हणाली, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीतच निघा. लोकं 'इडापिडा घेऊन जा गे मारबत' ओरडून राहिले असतीन, तुमालेही पोचवतीन."

इकडे वामनरावांनी ती यादी उचलून साहेबांकडे नेली. साहेब महिनाभर भोपाळला आपखुशीने जाणारी माणसं शोधत होते! शनिवारी हुकूम आला. पाचही जण भोपाळला!

बाबनराव माझ्या अंगावरच धावून आले. "तुमी तर म्हणे बायको नाही न्यायची! हुकमात सहकुटुंब लिवलं हाय!"

आम्ही पाचही जण साहेबांपुढे उभे राहिलो. मी नकाशा पसरून कन्हानपासून समुद्रापर्यंत सगळं समजावलं. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "लिहून द्या, की हा नावेचा सगळा प्रकार थट्टेचा होता. हुकूम रद्द करतो."

चौघांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. बाबनरावांनी तर दोन प्रती दिल्या! माझ्यापुढे कागद आला. दारात वामनराव उभे. "लिहा हो मनोहरराव. आम्हाला पहिल्यापासून ठाऊकच होतं."

नागपूर सोडायचं जिवावर आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण 'थट्टा' हा शब्द काही लेखणीतून उतरेना.

"साहेब, नाव खरी हाय, शीड खरं हाय, मी पण खरा हाय! थट्टा नाही लिवत!"

"मग भोपाळ."

"भोपाळ तर भोपाळ!"

घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मनकर्णेनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "लिहून तं नाही दिलं ना?"

"नाही."

"बरं केलं. माह्या बापानं वीस दिवस थट्टेसाठी नाही विणलं." आणि तिनं ट्रंकेत सगळ्यांत आधी शीड ठेवलं.

भोपाळला समुद्र नाही, पण तलाव केवढा! नुसतं पाहूनच छाती फुगली. पहिल्याच आठवड्यात मी घाटावर नोटीस लावली, चक्क हिंदीत. नागपूरकराला हिंदी कोण शिकवणार! मनकर्णा म्हणालीही, "एकदा कोणाले दाखवून घ्या." मी कुठला दाखवतोय! ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'साहसी सज्जन अपना-अपना नाव दें!' 'नाम' लिहायचं राहिलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तीन नावाडी दारात हजर. भाडं ठरवायला!

तर सध्या माझ्याकडे नावा तीन आहेत. माणूस एकही नाही.