भिमाजीअण्णांचा दुसरा मान

"लॅपटॉपवर नवी 'की' टाकायची, व्हॅल्यू द्यायची, संपलं! चहा निवायच्या आत करतो!" कल्याणनं छाती फुगवली.

समोर भिमाजीअण्णा, म्हणजे दिपालीचे वडील. जत्रा झाली की कल्याण-दिपालीची सुपारी फुटायची होती. अण्णांनी चंद्र मागितला असता, तरी कल्याणनं टेम्पो सांगितला असता!

मागणं साधंच होतं. श्रीगोंद्याकडच्या एका गावात जत्रेचे मान कल्याणनं पीएचपी या संगणकभाषेच्या ॲरेत, म्हणजे यादीत, ठेवले होते. माणसाचं नाव ही की, त्याचा मान ही व्हॅल्यू. देवळापुढच्या स्क्रीनवर ते झळकत, आणि स्क्रीन सांगेल तेच गाव मानी. पहिला नारळ अण्णांच्या घरात पिढीजात. यंदा महाप्रसादाची आमटी ढवळायचाही मान मिळाला होता. कल्याणनं ऐटीत टाकलं : की 'भिमाजी', व्हॅल्यू 'आमटी ढवळणे'.

पण 'भिमाजी' या कीवर नारळ आधीच बसलेला, आणि एका कीच्या पाटावर एकच व्हॅल्यू बसते. आमटी बसली, नारळ उठला!

जत्रेत अण्णा फेटा बांधून आले. गुरवानं नारळ उपरण्याखाली सारला.

"स्क्रीनवर न्हाई, अण्णा. तुमी कढईकडं व्हा."

गाव थक्क! याच नारळासाठी वाल्मिकदादांचं घराणं कोर्टात झिजलं होतं. दादांनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं.

"आरारा! आमी वकिलापायी म्हशी इकल्या, अन् ह्यानं एका वळीत नारळ काढला!"

अण्णांनी आमटीचा डाव उचलला. आता सुपारी कसली फुटते! कल्याणनं लॅपटॉप पुढं ओढला.

"थांबा! आमटीमागं नारळ जोडतो!"

त्यानं 'भिमाजी'पुढं रिकामा चौकटी कंस लावून नारळ ढकलला. पण आत नुसता मजकूर होता. त्याला शेपूट जोडायची ही रीत पीएचपीला पसंत नाही. ते असं भडकलं, की सगळं पानच बंद पडलं. स्क्रीन पांढरीफटक!

कुणाचाच मान उरला नाही. वाल्मिकदादांच्या मानाची पालखी भोयांनी टेकवली. हलगीवाल्याची काडी हवेतच राहिली. गुरवानं नारळ निखाऱ्यासारखा खाली ठेवला. म्हाताऱ्यांनी पांढऱ्या स्क्रीनला हात जोडले.

अण्णा डाव घेऊनच कल्याणकडं निघाले. त्यानं डोळे मिटले.

"जावईबापू!" अण्णांनी त्याला मिठीच मारली. "माझ्या एकट्याचा गेला तवा तोंड लपवायला जागा न्हवती. आता वाल्म्याचा बी गेला! लई मोठी इद्या हाय ही!"

"मग... सुपारी?"

"आत्ताच फोडू!"

"फोडा की," दिपाली मागून म्हणाली. "पन माझं नाव त्यांच्या ॲरेत घालू नका. गावात अजून दोन दिपाल्या हायेत!"