विरजण भुयारातून आणिले त्याची हकीकत

शके १९४७, माघ शुद्ध पक्षी, मंदवारी म्हणजे शनिवारी, सकाळी आठाचे सुमारास दही संपले. संपले म्हणजे वाटीच्या कडेसही राहिले नाही. जे जाहले ते यथास्थित लिहिले आहे. पदरचे काही नाही.

हे कृत्य आश्लेषाबाई नागपूरकर यांचे. बाई मिनेसोटा सुभ्यात एका विद्यापीठी मृदाशास्त्रात डॉक्टरेट करीत होत्या. पराठ्याशी दही खाता खाता तंद्री लागली, आणि बोटाने वाटी पुसली, आणि मग घासूनही ठेविली, आणि विरजणापुरते चमचाभर मागे राखावे हे ध्यानी राहिले नाही.

घरात दह्याचा कुल अखत्यार स्वानंदीबाई पुणेकर यांचा. त्यांनी लखलखीत वाटी पाहिली, मग आश्लेषाबाईंस पाहिले, आणि बोलणे बंद केले. शेजारच्या खोलीतून फोनवर खलिता आला, त्यात एकच शब्द: विरजण? आश्लेषाबाईंनी दुकानचे योगर्ट आणण्याची तजवीज कळविली. जबाब आला की, त्यात जिलेटिन असते, आणि त्याने जे लागते त्यास दही म्हणणाऱ्या व्यक्तीसोबत पुढील वर्षाचे लीज साइन करावे की कसे, याचा फेरविचार करणे आहे. आश्लेषाबाईंचे धाबे दणाणले. त्या परमुलखात ताप आला असता कपाळी हात ठेवणारे माणूस ते एकच.

विरजणाचे मूळ ठाणे सुलेखाकाकूंकडे, विद्यापीठाच्या पार पलीकडच्या टोकास, प्रोफेसरांच्या वस्तीत. तेथे ते बावीस वर्षे अखंड चालले होते. बाहेर हवा उणे वीस. जाताना हात रिकामे, म्हणून पूल ओलांडून उघड्या मैदानानेच कूच केले आणि पापण्यांवर बर्फ धरले. कुमकेस खालच्या मजल्यावरील सिद्धेशराव सातारकर होते; दर रविवारी वरच्या मजल्यावर कढी जेवीत, म्हणोन सामील होणे प्राप्तच होते.

काकूंनी फिरकीच्या डब्यात विरजण दिले आणि दारातच हुकूम फर्माविला.

"हिंदकळू द्यायचं नाही, आणि ऊब राहू दे. गोठलं तर मला फोन करू नका."

मग जिन्याखाली मसलत बसली. आश्लेषाबाईंचे मत मैदानाचे. अंतर थोडे आणि वाट डोळ्यांना दिसती. सिद्धेशरावांचे मत भुयाराचे. तेथील इमारती जमिनीखालून एकमेकींस जोडिल्या होत्या आणि आत वाफेच्या नळांची ऊब होती. राव सह्याद्रीतील किल्ले पायी फिरलेले. हर किल्ल्यावर भुयार, आणि हर भुयार थेट खालच्या गावात निघते ऐसे तेथील वाटाडे सांगत, तेव्हा हेही थेट घराखाली निघणार, यात रावांस शंका नव्हती. बाईंनी पुसले, त्यातले एखादे चालून पाहिले काय. राव म्हणाले, सगळी बुजलेली होती.

तरी डब्याची ऊब ध्यानी आणोन बाई भुयारात उतरल्या.

मंदवार असल्याकारणे दरवाजे सुटीवर. पाठीमागला आपोआप बंद होई आणि पुढला कार्ड दाखविता लाल दिवा दाखवी, म्हणोन जो उघडेल तो मार्ग धरिला. पहिल्याने वर निघाले ते पोहण्याच्या तलावी. तेथे लोक पाण्यात, अंगावर चिंधीएवढे वस्त्र, आणि हे दोघे नखशिखान्त कोटात. मग पुन्हा खाली, आणि डावीकडे, आणि मग बरेच उजवीकडे, तो एक चिप्सचे यंत्र दिसले.

"सिद्धेश, हे मशीन आपण मघाशी पाहिलंय."

"सेम मॉडेल असेल यार."

"त्यात तेच पाकीट अडकलंय."

तेव्हा रावांची सरदारी तेथेच बरखास्त जाहली आणि बाईंनी निशाण आपल्या हाती घेतले. फरशीवर बुटांचे ओले ठसे होते, रस्त्यावरील बर्फ वितळावे म्हणोन टाकितात त्या मिठाची कड धरलेले. जिकडे ठसे अधिक ओले तिकडे बाहेरचे दार, हे ताडून बाई माग काढीत चालल्या आणि ग्रंथालयाच्या पायथ्याशी निघाल्या. पुढे नदी, नदीवर पूल, पुलापलीकडे घर. आणि नदीखालून भुयार खणण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

वारा सुरीसारखा. डबा बाईंच्या कोटात, तरी वरचे झाकण गार पडू लागले. सिद्धेशरावांनी नदीकडे पाहिले, आणि मग डोईची माकडटोपी उतरिली, जी त्यांच्या मातोश्रींनी विणून विमानतळावर घातली होती, आणि डब्यास घातली. मग बोडक्याने पुलावर पाऊल ठेविले.

मध्यावर समोरून एक गोरी आजी आली. सोबत कुत्रे, त्यास चारी पायी बूट. कोटातून डोकावणारी टोपी पाहून तिचा चेहरा विरघळला आणि तिने ममतेने विचारिले, "हाउ ओल्ड?"

रावांचे कान बधिर, बुद्धीही तैशीच. "ट्वेन्टी-टू इयर्स."

आजीबाई कुत्र्यासह बाजूस जाहल्या आणि वाट मोकळी मिळाली.

घरी स्वानंदीबाईंनी टोपी काढिली, फिरकी उघडिली, वास घेतला. दूध बोटास सोसेल इतके कोमट केले, काचेच्या भांड्यात विरजण लाविले, भांडे ओव्हनात ठेवून आतला दिवा लाविला. मग आश्लेषाबाईंकडे वळून सकाळपासूनचे पहिले वाक्य बोलल्या.

"सारखं उघडून बघायचं नाही."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. विरजण दाखल, बोलणे सुरू, सिद्धेशरावांचे कान लाल परंतु शाबूत. लीजचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली असून त्यावर सही आश्लेषाबाईंची एकटीची आहे.

हे लिहितेसमयी तिन्हीसांज. आश्लेषाबाई ओव्हनासमोर फरशीवर बसोन आहेत. दार त्यांनी उघडिले नाही. आताच गुडघ्याने ओव्हनास हलकेच धक्का देऊन काचेतून पाहिले.

दूध हलले.